सासरे वकील, सिनेमा कोर्टाचा आणि मुदत ४८ तासांची

आमच्या घरी 'माय कझिन विनी' किती वेळा लागला, ते मोजणं मी सोडून दिलंय. सिनेमा १९९२ चा. ब्रुकलिनचा विनी सहाव्या प्रयत्नात वकिलीची परीक्षा पास होतो आणि कातडी जाकीट चढवून थेट अलाबामाच्या गावातल्या कोर्टात भाऊ आणि त्याचा मित्र यांच्यावरचा खुनाचा खटला लढवायला उभा राहतो. तिथल्या रीती त्याला कळत नाहीत, त्याची बोली जजसाहेबांना. माझे सासरे, अण्णा, इंदूर खंडपीठात चाळीस वर्षं वकिली करून घरी बसलेत. त्यांच्या लेखी हा विनोदी सिनेमा नाहीच, चालू केस आहे.

गणपतीपासून होळीपर्यंत आम्ही तो तीन तऱ्हांनी पाहिला.

आधी तो महिन्याच्या वर्गणीच्या एका अ‍ॅपवर होता. दिवाळीत नणंद आली, फराळाच्या बशा घेऊन सगळे बसले आणि सिनेमा गायब! हक्कांची मुदत संपली की वर्गणी चालू असली तरी सिनेमा निघून जातो, हे तेव्हा कळलं. नेटवर शोधलं तर अमेरिकेची माहिती आधी येते, ती इथे काय कामाची? कुठला सिनेमा कुठे मिळतो ते दाखवणाऱ्या जस्टवॉच या साइटवर देश भारत निवडला की वर्गणीत, भाड्याने की विकत, ते वेगवेगळं दिसतं. तरी पैसे भरण्याआधी त्या अ‍ॅपमध्ये डोकावून खात्री करावी.

मग भाड्याने घेतला. सुरू करायला ३० दिवस, पण एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवायचा. दोन तासांच्या सिनेमाला एवढा वेळ रग्गड, असं मला वाटलं होतं. अण्णा हिशेबात धरले नव्हते. पहिल्या संध्याकाळी गाडी पोलीस ठाण्यातच अडली. विनीच्या भावाला वाटतं, दुकानातून चुकून खिशात राहिलेल्या ट्यूना माशाच्या डब्यासाठी धरलंय, म्हणून तो चकित होऊन विचारतो, "मी गोळी घातली?" पुढे कोर्टात तेच वाक्य प्रश्नचिन्ह गाळून वाचलं जातं. "जबाबात अस्संच होतं!" म्हणत अण्णांनी पॉज करायला लावलं आणि आपलं एक जुनं प्रकरण काढलं. ते जेवणापर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी उलटतपासणी. साक्षीदार म्हणतो, आरोपी पोरं दुकानात शिरली तेव्हा मी न्याहारी करायला घेतली, खायला बसणार तेवढ्यात गोळीचा आवाज आला. मध्ये गेली पाच मिनिटं. पण न्याहारी ग्रिट्सची, म्हणजे मक्याच्या भरडीची. ती शिजायला २० मिनिटं लागतात. अण्णांनी पुन्हा सिनेमा थांबवून सासूबाईंना हाक मारली, "अहो, मक्याची भरड किती वेळात शिजते?"

"भुट्ट्याचा कीस करायचाय का? मग आधी कणसं आणा."

पॉज केला तरी मुदतीचं घड्याळ थांबत नाही. विनीची होणारी बायको झालेली मारिसा टोमे साक्षीला उभी राहायच्या आत ४८ तास संपले. ज्या कामासाठी तिला ऑस्कर मिळालं, नेमकं तेच राहिलं. परत भाडं भरलं.

शेवटी न्यू जर्सीच्या आतेदिरांनी डीव्हीडी आणली. डीव्हीडी कुठल्या देशांत चालेल ते रीजनच्या आकड्यावर ठरतं. ती निघाली अमेरिकेच्या रीजन १ ची, आपले प्लेअर रीजन ५ चे. पडद्यावर नुसती एररची पाटी. सगळे रीजन चालवणारा एक जुना प्लेअर शेजाऱ्यांच्या माळ्यावर सापडला म्हणून निभावलं. मोठ्या टीव्हीवर चित्र जरा धूसर दिसतं. सबटायटलची खरी अडचण आहे: अ‍ॅपवर अक्षरं मोठी करता येतात, डीव्हीडीवर जेवढी आहेत तेवढीच. आणि त्यांच्याशिवाय आमचं चालत नाही. विनीचे 'यूट्स' म्हणजे 'यूथ्स', हे तिथल्या जजलाही पटकन कळत नाही, आम्हाला कुठून कळणार?

एकदाच पाहायचा असेल तर भाड्याने घ्या. घरात वकील असेल तर डीव्हीडी शोधा, रीजन आधी बघून.

अण्णांची खुर्ची आता टीव्हीपासून चार फुटांवर आलीये आणि अंधारात सापडावं म्हणून पॉजच्या बटणावर माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे.