फिट की कोलोनोस्कोपी?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर बहुतेक जण पंचेचाळिशी ओलांडलेले. दिवसभर दुकानाच्या गादीवर नाहीतर संगणकापुढे, रात्री सराफ्यात खाणं. बैठ्या सवयीने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे सगळे मान्य करतात, पण तपासणी म्हटली की विषय बदलतो.

शौचाची 'फिट' चाचणी सोपी. घरीच डबीत नमुना घ्यायचा, पथ्य नाही. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. पण ती दरवर्षी करायची, आणि पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदमार्गातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासणं, चुकत नाही. 'मूळव्याध असेल' म्हणत तिथेच थांबणारे काका प्रत्येक घरात असतात.

कोलोनोस्कोपीत खरा वैताग आदल्या दिवसाचा: लिटर-लिटर जुलाबाचं औषध, संडासाच्या फेऱ्या, सकाळच्या पोहे-जिलबीला सुट्टी. तपासणी बहुधा गुंगीतच उरकते. रक्तस्राव किंवा आतड्याला इजा क्वचितच. पण पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत वाढलेला कोंब, दिसला तर तो तिथल्या तिथे काढतात, आणि सगळं स्वच्छ निघालं तर साधारण 10 वर्षं बघायला नको.

आई-वडील, भावंडांत कुणाला हा कॅन्सर झालेला असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर फिटवर वेळ घालवू नका, थेट पोटाच्या डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांसाठी माझं मत फिटला. कोलोनोस्कोपीचं नाव काढलं की आमची मंडळी दिवाळीनंतरचा वायदा करतात.