जळालेला बोर्ड आणि माझे १,२१,४०० रुपये

कोल्हापुरात आमचे मंगल कार्यालय आहे. गच्चीवर एक आउटडोअर आणि खाली अकरा इनडोअर, अशी व्हीआरएफ पद्धतीची (म्हणजे बाहेरच्या एकाच यंत्रावर आतली अनेक यंत्रे चालणारी) वातानुकूलन यंत्रणा आम्ही चार वर्षांपूर्वी बसवली. गेल्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, एका स्वागत समारंभात संध्याकाळी साडेसातला अकराही यंत्रे एकदम थांबली आणि रिमोटवर यू४ हा कोड लुकलुकू लागला. इनडोअर आणि आउटडोअर यांचे आपसातले बोलणे तुटले, एवढेच तो कोड सांगतो; दोष यंत्रातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात आहे, त्यांना जोडणाऱ्या तारेत आहे की कुठल्या तरी खोलीतला एमसीबी पडला आहे, हे सांगत नाही. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते.

वऱ्हाड घामाघूम झालेले आणि वधूपिता समोर उभे, अशा वेळी मोबाइलवर कंपनीचे नाव टाकून जो पहिला क्रमांक वर आला, तो मी फिरवला. तो कंपनीचा नव्हता, हे वाचणाऱ्यांनी ओळखलेच असेल. सेवा क्रमांक यंत्राबरोबर आलेल्या कागदांतूनच घ्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कंपनीचा बिल्ला लावलेला एक तरुण आला. भेटीचे २,९५० रुपये त्याने आधीच घेतले. गच्चीवर जाऊन झाकण उघडले, मोबाइलने फोटो काढला आणि मुख्य बोर्ड जळाल्याचे जाहीर केले. वीज मोजायचे मल्टिमीटर पिशवीतून बाहेरही आला नाही. मग त्याने मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला आणि अकराही यंत्रे गार हवा देऊ लागली.

हाच तो क्षण. जळालेला बोर्ड अकरा यंत्रे कशी चालवतो, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडला असता. आमच्या वायरमन काकांना तो पडला. ते म्हणाले, "साहेब, बोर्ड जळला तर जळका वास याय नको का?" मी त्यांना सर्वांसमोर गप्प केले. आता तात्पुरते चालते आहे, पण केव्हाही कॉम्प्रेसर घेऊन बसेल, असे तो तरुण म्हणाला होता आणि कॉम्प्रेसरची किंमत मला माहीत होती. पुढच्या आठ दिवसांत चार लग्ने होती. माझ्या जागी कोणीही हेच केले असते, असे मी अजूनही स्वतःला सांगतो.

मुख्य बोर्डाचे ८४,९६० रुपये दिले. त्याच संध्याकाळी यू४ परत आला. मग दोन इनडोअरचे बोर्ड, रोख २७,००० रुपये, बिल नाही. तिसऱ्या खेपेला 'कम्युनिकेशन रीसेट' या नावाखाली ६,४९० रुपये. त्यानंतर त्याचा फोन बंद. कोड दर वेळी संध्याकाळीच येतो आणि सकाळी सगळे सुरळीत असते, हे डोळ्यांसमोर असूनही मला दिसले नाही.

शेवटी एका परिचितांनी सांगलीहून तंत्रज्ञ पाठवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की संध्याकाळी हॉलमध्ये वेगळे काय चालू होते. रंगमंचाचे दिवे! मार्चमध्ये डेकोरेटरच्या मुलांनी दिव्यांची जाड केबल छतातल्या कम्युनिकेशन तारेलाच चौदा मीटरभर बांधली होती, आणि ती तार मुळातच शील्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे वेष्टण) नसलेली, साधी होती. दिवे लागले की त्या केबलमधला विद्युत गोंगाट तारेत उतरत असे. त्यांनी वीज बंद केली, तारेची दोन्ही टोके सोडवली, एका टोकाला दोन्ही पदर जोडून दुसऱ्या टोकाला ओहम मोजले. ०.७५ चौरस मिलिमीटरची तार शंभर मीटर असेल तर जाऊन-येऊन साधारण पाच ओहम यावेत. तितकेच आले, म्हणजे तार तुटलेली नव्हती. नवी शील्डची तार वेगळ्या मार्गाने ओढली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली. तार आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये झाले.

जाता जाता त्यांनी 'नव्या' मुख्य बोर्डाचा क्रमांक यंत्रणा सुरू करतानाच्या जुन्या अहवालाशी ताडून पाहिला. तोच क्रमांक! आमचाच बोर्ड पुसून परत बसवला होता. काढलेला भाग ताब्यात घ्या, आणि तो काढण्यापूर्वी त्याच्या क्रमांकाचा फोटो घ्या.

पोलीस ठाण्यात ही दिवाणी बाब असल्याचे सांगण्यात आले. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ दाखवल्यावर मला सायबर विभागाकडे पाठवले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितले की पैसे तुम्ही स्वतः दिलेत, ठाण्यात जा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद झाली खरी, पण वकिलांच्या मते व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसवणे अवघड आहे. म्हणजे घरातला एसी बिघडला असता तर मी ग्राहक ठरलो असतो, कार्यालयातला बिघडला म्हणून नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होतो, म्हणजे गुजरातचा, आणि पत्ता मात्र कोल्हापुरातल्या शाहूपुरीचा. हे दाखवल्यावर कर कार्यालयातल्या लिपिकाने मान वर न करता ऑनलाइन तक्रार करायला सांगितले. पैसे देण्यापूर्वी तो क्रमांक जीएसटी पोर्टलवर तपासायला एक मिनिट लागते. खऱ्या कंपनीने तर बाहेरच्या माणसाने यंत्र उघडले, या कारणाने उरलेली वॉरंटीही नाकारली.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही, म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे मी पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवला आहे. त्यात अहवालाची प्रत, बोर्डाचा फोटो आणि वायरमन काकांचा जबाब जोडला आहे. जबाब लिहून घेताना मी काकांची माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. सही कुठे करायची, एवढेच त्यांनी विचारले.