‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’: पाठ केलेलं उत्तर की मुद्दे?

नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत जा की बुटीबोरीच्या कारखान्यात, मुलाखत बहुधा याच प्रश्नाने सुरू होते. तयारीच्या पद्धती दोन.

पाठांतरात व्याकरण बिनचूक राहतं आणि पहिलं अर्धं मिनिट धीर मिळतो. पण एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. शिवाय मध्येच ‘व्हाय मेकॅनिकल?’ विचारलं, तर कुठून पुन्हा सुरू करायचं तेच सुचत नाही. वेगही वाढतो, समोरच्याला पाठांतर लगेच कळतं.

मुद्द्यांची पद्धत मेहनतीची आहे, पण आमची पसंती तिलाच. कागदावर चारच ओळी लिहा: सध्या काय करता, शिक्षण, एक प्रोजेक्ट, हीच नोकरी का. प्रोजेक्टवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण पुढचे प्रश्न तिथूनच निघतात. ‘वी मेड अ पंप’ एवढ्याने भागत नाही. ‘आय टेस्टेड द पंप अँड फाउंड अ लीक ॲट द सील’ म्हटलं की तुमचा वाटा कळतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, ६० ते ९० सेकंदांत बसवा, दर वेळी वाक्यं थोडी बदला. इथे चुका होतात त्या काळाच्या: ‘आय हॅव कम्प्लीटेड इन २०२३’ नको, ‘आय कम्प्लीटेड’ म्हणा.

इंग्रजी फारच कच्चं असेल, तर पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा. मधलं मुद्द्यांवरूनच बोला.