वाचनासाठीच्या रंगीत शीट : पैसे टाकण्याआधी

ओळी थरथरतात, अक्षरं सरकतात, दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. अशा वाचकांसाठी पानावर ठेवून वाचायच्या या पारदर्शक शीट. संचात नऊ रंग आणि एक करडी, आकार साधारण अर्ध्या ए-४ एवढा. काळ्या ओळी आणि मधली पांढरी जागा मिळून जे पट्टे तयार होतात, ते काहींच्या डोळ्यांना सोसत नाहीत. दाट छापलेल्या देवनागरीत शिरोरेषेमुळे ते आणखी ठळक दिसतात.

आधी एक डोळा झाकून पाहा. दोन-दोन दिसणारी अक्षरं लगेच एक झाली, तर गडबड दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. रंगाचं इथे काम नाही, नेत्रतज्ज्ञाकडे जा. चष्म्याचा नंबरही तपासून घ्या.

रंग आवडीवर निवडू नका, मुलं हमखास गुलाबी उचलतात. एकाच पानावर दोन शीट शेजारी-शेजारी ठेवा, जास्त त्रास देणारी बाजूला काढा, उरलेलीशेजारी पुढची ठेवा. शेवटी राहील तिची खरी परीक्षा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आर्नोल्ड विल्किन्स यांच्या पद्धतीने घ्या: ओळखीचे १५ छोटे शब्द, दहा ओळी, प्रत्येक ओळीत तेच शब्द पण क्रम वेगळा. अर्थ लागत नसल्याने अंदाजाने वाचता येत नाही. मिनिटभर मोठ्याने वाचून बरोबर आलेले शब्द मोजा. शीटसह, शिवाय, शिवाय, सह अशा चार फेऱ्या घ्या, म्हणजे सरावाचा फायदा दोन्हीकडे सारखा पडतो. वेग १५ टक्के तरी वाढला नाही, तर आम्ही शीट घेणार नाही.

शीटची एक बाजू मॅट, एक चकचकीत. चकचकीत वर आली की ट्यूबलाइट सरळ डोळ्यांत. स्टेशनरीतला जिलेटिन पेपर स्वस्त खरा, पण तो चुरगळतो आणि रंगही फार गडद.

वेष्टनावरचा ‘डिस्लेक्सियावर (वाचन शिकण्यातल्या अडचणीवर) उपाय’ हा दावा मात्र सोडून द्या. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच नेत्रतज्ज्ञांसोबत निवेदन काढून अशा रंगीत उपायांना पुरेसा आधार नसल्याचं सांगितलं आहे.

शीट घेण्याआधी फुकटचा उपाय करून बघा: काळ्या कार्डशीटला तीन ओळी दिसतील एवढी खाच पाडा आणि ती पानावरून सरकवत वाचा. पट्टे झाकले जातात. जुन्या चोकची ट्यूब असेल तर तीही बदला, ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते.

शीट घेतलीच, तर मुलाच्या मागे लागू नका. आठवडाभरात ती न सांगता दप्तरातून बाहेर निघत नसेल, तर परत करून टाका.