गोबर गॅस प्लांट: ४० माणसांच्या बालगृहात दोन वर्षं वापरल्यानंतर

आमच्या बालगृहाला जोडूनच शेती आहे आणि मुलांचं धान्य, भाजी, दूध जेवढं होईल तेवढं तिथूनच यावं असा आमचा प्रयत्न असतो. गोठा होताच, शेण होतंच, मग गोबर गॅस का नको म्हणून फायबरच्या तरंगत्या ड्रमचा (गॅस साठेल तसा ड्रम वर उचलला जातो) ४ घनमीटरचा, म्हणजे पूर्ण शेण मिळालं तर रोज तेवढा गॅस देणारा प्लांट बसवून घेतला. कंपनीचं नाव घेत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या कुठल्याही प्लांटला लागू आहे.

आधी हिशोब सांगते कारण तिथेच आम्ही फसलो. विकणारा म्हणाला होता अख्खी मेस यावर चालेल, आणि आम्ही कागद-पेन घेऊन बसलोच नाही. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो, एक गाय दिवसाला १० किलोच्या आसपास शेण देते, म्हणजे आमच्या ७ जनावरांच्या ७० किलोतून झाला २.८ घनमीटर. आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाव घनमीटर तरी लागतो, ४० माणसांचे १० झाले. शिवाय ४ घनमीटरच्या प्लांटला रोज १०० किलो शेण हवं, म्हणजे आमचा प्लांट पहिल्या दिवसापासून अर्धपोटीच आहे, त्यात जनावरं दिवसभर चरायला सोडली की शेण रानातच पडतं. सध्या दूध तापवणं आणि एका वेळची भाजी एवढं यावर होतं. मुलांची जेवणाची वेळ चुकवता येत नाही, त्यामुळे भरलेला सिलेंडर कायम बाजूला ठेवावाच लागतो.

पण तरीही मी हा प्लांट परत घेईन का, तर हो, लगेच घेईन, आणि ते स्लरीसाठी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणाऱ्या पातळ शेणकाल्यासाठी. ७० किलो शेण, तेवढंच पाणी, म्हणजे रोज जवळपास १४० लिटर स्लरी आउटलेटमधून बाहेर येते, तिला वास जवळजवळ नाही, माश्या बसत नाहीत, आणि शेणातलं नत्र तसंच तिच्यात राहतं. आधी आम्ही शेण उघड्यावर ढीग लावून ठेवायचो, अर्धं सत्त्व उन्हापावसात जायचं आणि जे उरायचं त्यातून तणाचं बी शेतभर पसरायचं. प्लांटमध्ये बरंचसं बी मरतं, त्यामुळे भाजीच्या वाफ्यातली खुरपणी खरंच कमी झालीये. फक्त स्लरी उन्हात वाळवू नका, नत्र उडून जातं. आम्ही सावलीतल्या खड्ड्यात पालापाचोळ्याचा थर, त्यावर स्लरी, परत पाला असं करतो, किंवा पाटाच्या पाण्यातून सोडतो. कच्ची खायची पालेभाजी जिथे असते तिथे मात्र अजिबात सोडत नाही, कारण एवढ्या तापमानाला सगळे रोगजंतू मरत नाहीत आणि खाणारी लहान मुलं आहेत.

आता चूक सांगते. एकदा मोठा कार्यक्रम होता, खूप अन्न उरलं आणि वाया जाण्यापेक्षा बरं म्हणून सगळं इनलेटमध्ये ओतलं. तीन दिवसांनी ड्रम वर आलेला, पण शेगडी पेटेना. नंतर कळलं की एकदम एवढं शिजलेलं अन्न टाकलं की आत आंबटपणा वाढतो, मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात आणि ड्रममध्ये भरतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो जळतच नाही. टाकणं बंद केलं, थोडी चुन्याची निवळी घातली, मग रोज थोडं थोडं ताजं शेण, असं करत तीन आठवड्यांनी निळी ज्योत परत आली. उरलेलं अन्न चालतं, पण मूठ-मूठ, शेणात मिसळून. गोठा फिनाइलने धुतलेलं पाणी किंवा अँटिबायोटिक चालू असलेल्या गायीचं शेण तर अजिबात नको.

रोजचं काम मुलांना आवडतं हे मला अपेक्षित नव्हतं. ड्रमवर आम्ही रंगाने पट्टे मारलेत, एक मुलगा रोज सकाळी शाळेत जायच्या आधी कितव्या पट्ट्यापर्यंत ड्रम वर आलाय ते वहीत लिहितो, आणि थंडीत आकडा खाली जायला लागला तेव्हा त्यानेच विचारलं की आतल्या जिवाणूंना थंडी वाजते का. बरोबर होतं त्याचं, ३५ अंशांच्या आसपास गॅस सगळ्यात छान बनतो आणि गारठ्यात एकदम कमी होतो. तेव्हापासून थंडीत शेण कालवायचं पाणी उन्हात तापवून घेतो. ज्योत फडफडायला लागली हेही आधी मुलांच्याच लक्षात आलं, पाइपात पाणी साठलं होतं, बसवणाऱ्याने सगळ्यात खोल जागी पाणी काढायचा नळ दिलाच नव्हता, तो आम्ही नंतर लावून घेतला.

बर्नर बायोगॅसचाच घ्या. या गॅसचा दाब कमी असतो आणि त्याला मोठ्या भोकाचा जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं तोंड) लागतो, सिलेंडरच्या शेगडीवर नीट जळत नाही. पहिल्यांदा जमलेला गॅस पेटवायचा नाही, सोडून द्यायचा, त्यात हवा मिसळलेली असते आणि भडका होऊ शकतो. गळती साबणाच्या फेसाने बघायची, काडी लावून कधीच नाही.

आणि मुलं असतील तिथे सगळ्यात महत्त्वाचं: आमच्याकडे प्लांट बसवून गेले तेव्हा इनलेट आणि आउटलेट दोन्ही उघडे होते, साधं झाकण नाही. स्लरीवर साय धरली की वरून ती घट्ट जमिनीसारखी दिसते आणि खाली माणूस बुडेल एवढं खोल असतं. एका संध्याकाळी पहिलीतली मुलगी चेंडूमागे तिथपर्यंत गेली, मावशींनी तिला हाताला धरून ओढलं, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. दुसऱ्या दिवशी लोखंडी जाळी, कुलूप आणि कंबरभर कुंपण केलं. ऑर्डर देतानाच हे लिहून घ्या, आणि जाळी लागेपर्यंत शेवटचं बिल देऊ नका.