चिंक्वे तेर्रे की अमाल्फी? इटलीचा एकच किनारा करायचा असेल तर

इटलीची ट्रिप ठरली की रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ही नावं आपोआप यादीत येऊन बसतात आणि मग तीन-चार दिवस उरतात ते "एखादं समुद्रकाठचं गाव करू" म्हणून. मग रील्समध्ये शंभरदा बघितलेली दोन ठिकाणं समोर येतात, वरती, उत्तरेकडच्या लिगुरिया प्रांतातलं चिंक्वे तेर्रे आणि खाली नेपल्सच्या पुढं अमाल्फी कोस्ट. दोन्हीकडे डोंगराच्या उतारावर रंगीत घरं, खाली निळंशार पाणी, दोन्ही १९९७ सालीच युनेस्कोच्या यादीत आलेली, फोटो बघून तर पटकन फरकही कळत नाही. पण तिथं दिवस कसा जातो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या मते सगळा निकाल एकाच गोष्टीवर लागतो, ती म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावात तुम्ही जाणार कसे.

चिंक्वे तेर्रेचं उत्तर सोपं आहे, ट्रेन. मॉन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला, रिओमाज्जोरे अशी पाच गावं, पाचही एकाच लाइनवर, एका टोकाला लेवान्तो आणि दुसऱ्या टोकाला ला स्पेत्सिया. सीझनला दर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी असते आणि एका गावातून पुढच्या गावात जायला पाच मिनिटं पुरतात. टाइमटेबल डोक्यात न ठेवता हिंडता येतं, एखादं गाव नाही आवडलं तर उठायचं आणि पुढं जायचं, हे सुख मोठं आहे. गंमत म्हणजे या ट्रेनमधून समुद्र जवळजवळ दिसतच नाही, सगळे बोगदे, मध्येच एक निळी तिरीप चमकून जाते की परत अंधार. समुद्र बघायचा तर बोटीनं जा नाहीतर डोंगरावरच्या वाटेनं चाला. (बोट कोर्निलियाला थांबत नाही, कारण ते गाव समुद्रापासून साधारण १०० मीटर वर कड्यावर बसलंय, त्याला बंदरच नाही. स्टेशनवरून वर जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मिनीबस आहे पण तिची वाट बघत लोक रांगेत उभे असतात.)

अमाल्फीला किनाऱ्याच्या गावांमधून ट्रेन नाहीच. एका बाजूला सोरेन्तो, दुसऱ्या बाजूला सालेर्नो, तिथपर्यंत रेल्वे आणि मधे एकच रस्ता, बोर्बन राजांच्या काळात कडा कापून काढलेला. त्याच रस्त्यावरून बस, टुरिस्ट कोच, स्कूटर, भाड्याच्या गाड्या, सगळं. दोन बस समोरासमोर आल्या की एक मागं घेते, हॉर्न वाजतात, आतले सगळे श्वास रोखून बघतात. व्ह्यू मात्र असा की तिकिटाचे पैसे तिथंच वसूल, सोरेन्तोहून निघालात तर उजवीकडची खिडकी पकडा, सालेर्नोहून निघालात तर डावीकडची. पण ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी अ‍ॅव्होमिन घेतल्याशिवाय चढू नये, हे मी मस्करीत सांगत नाहीये. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मधल्या स्टॉपवर उभं राहिलात तर भरलेली बस न थांबता पुढं निघून जाणार हे धरून चाला.

यावर उतारा आहे तो फेरीबोटीचा. सालेर्नोहून अमाल्फी गाव बोटीनं साधारण ३५ मिनिटं, त्याच किनाऱ्यावरचं पोझितानो तासाभराच्या वर थोडं. या बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, समुद्र खवळला की बंद. म्हणून आमच्या ओळखीत कोणी अमाल्फी म्हटलं की मी आधी सालेर्नोत राहा म्हणतो. ते काही पोस्टकार्डवरचं गाव नाही, चांगलं मोठं, वापरातलं शहर आहे, पण रोमहून फास्ट ट्रेन थेट येते, नेपल्सहून चाळीसेक मिनिटं, स्टेशनवरून बोटीचा एक धक्का चालत गाठता येतो, पॉम्पेईसुद्धा त्याच बाजूला पडतं आणि हॉटेलचे दर पोझितानोच्या मानानं बरेच खाली. पोझितानोत राहायचंच असेल तर हौसेला मोल नाही म्हणायचं आणि बुक करायचं, फक्त तिथं गल्ली म्हणजे जिना हे लक्षात ठेवा. चाकाची बॅग तिथं ओढायची नसते, उचलायची असते, आणि बॅगा वाहणारे पोर्टर तिथं आहेत ते याचसाठी.

आईबाबा बरोबर असतील, गुडघ्याचा प्रश्न असेल, तर चिंक्वे तेर्रेत मॉन्तेरोस्सो हे एकमेव शहाणं उत्तर. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर समुद्र, सपाट रस्ता, बसायला बाकं. बाकीच्या गावांत मुख्य गल्ली चढ-उताराची आणि घरं त्याच्याही वर, "सी व्ह्यू अपार्टमेंट" असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ चार मजले जिना असाच घ्यायचा. अमाल्फीच्या बाजूला मायोरी, मिनोरी आणि अमाल्फी गाव हे त्यातल्या त्यात सपाट. तरी अमाल्फीचं कॅथेड्रल बघायला ६० च्या वर पायऱ्या आहेतच, पण त्या नाही चढल्या तरी खाली चौकात लिंबाचं सरबत घेऊन बसता येतं, काही बिघडत नाही.

आता बीच. इथं आपल्या लोकांचा हमखास हिरमोड होतो. कोकणातली लांबच लांब पुळण डोक्यात ठेवून जाल तर दोन्हीकडे फसाल. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम असते, ओहोटीला उघडी पडणारी रुंद, ओली वाळू हा प्रकारच नाही. चिंक्वे तेर्रेत खरा वाळूचा बीच एकच, मॉन्तेरोस्सोचा. मानारोलात लोक सरळ खडकांवरून पाण्यात उड्या मारतात, पाणी खोल आणि काचेसारखं, पोहता येत असेल तर स्वर्ग आणि लहान मूल बरोबर असेल तर जिवाला घोर. पोझितानोचा बीच गोट्यांचा, तळपाय भाजतात, रबरी शूज घेऊन जा. लांबरुंद बीच हवा असेल तर मायोरी. आणि दोन्हीकडे बीचचा बराचसा भाग छत्री-खुर्चीवाल्यांकडे असतो, त्याचे पैसे पडतात, फुकटचा तुकडा कोपऱ्यात असतो आणि सकाळी दहालाच भरतो.

चालणाऱ्यांसाठी मात्र माझं मत सरळ चिंक्वे तेर्रेला. मॉन्तेरोस्सो ते वेर्नात्सा ही दोनेक तासांची वाट, द्राक्षाच्या आणि लिंबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमधून, बाजूला चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेले बांध, पिढ्यान् पिढ्या लोकांनी हातानं उभे केलेले, आणि शेवटच्या वळणावर एकदम खाली वेर्नात्सा दिसतं, पाण्याला चिकटलेलं चर्च, वर किल्ल्याचा गोल बुरूज, चौकातच ओढून ठेवलेल्या होड्या. या वाटेला कार्ड किंवा तिकीट लागतं, आणि चपला-फ्लोटर घालून गेलात तर दंड होऊ शकतो, तिथल्या नॅशनल पार्कवाल्यांनी तसा नियमच केलाय. रिओमाज्जोरे-मानारोला मधली फेमस 'प्रेमाची वाट' २०१२ मध्ये दरड कोसळून बंद पडली होती ती २०२४ मध्ये उघडली, तिला वेगळं, वेळ ठरवून घ्यायचं तिकीट आहे. ती छोटीशी आणि सपाट आहे, ट्रेक म्हणून जाऊ नका. अमाल्फीकडे 'देवांची वाट' आहे, बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत, खूप उंचावरून, व्ह्यू कदाचित चिंक्वे तेर्रेच्या वाटांहून भारी, पण सुरुवातीच्या गावापर्यंत पोचायचं म्हणजे परत बस आणि परत घाट.

जायचं कधी यात आपली अडचण शाळेच्या सुट्ट्यांची. मे महिन्यात हवा झकास, फुलं, गर्दी सहन होईल इतकी, पण पाणी गार असतं, पोरं दोन मिनिटांत कुडकुडत बाहेर येतील. पाणी खरं मस्त सप्टेंबरात. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर विचार करा, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा लिगुरियातला पावसाचा काळ, २५ ऑक्टोबर २०११ ला याच दिवसांत वेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सोत चिखलाचा लोंढा आला होता, गल्ल्या पार पहिल्या मजल्यापर्यंत बुजल्या होत्या. आजही जोराच्या पावसाचा इशारा आला की वाटा बंद करतात. दिवाळीला मी तरी दक्षिणेला, अमाल्फीकडेच जाईन, पाऊस तिथंही गाठू शकतो पण बोट बंद पडली तरी नेपल्स, पॉम्पेई हाताशी असतात, दिवस वाया जात नाही.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी दोन्हीकडे निर्धास्त जावं. लिगुरिया म्हणजे पेस्टोचं माहेर, पेस्टोमध्येच बटाटा आणि फरसबी घातलेला त्रोफिये पास्ता मिळतो, दुकानातून गरम फोकाच्चा (ऑलिव्ह तेलातला चपटा पाव) कागदात गुंडाळून घ्यायचा आणि फारिनाता सोडायची नाही, बेसन, पाणी, तेल, मीठ, बस, भट्टीत भाजलेलं आपलं धिरडंच म्हणा. काटेकोर शाकाहारी असाल तर पेस्टो जपून, कारण त्यातल्या पार्मेझान चीजमध्ये रेनेट असतं, म्हणजे दूध घट्ट करायला वापरलेला वासराच्या पोटातला पदार्थ. खाली कांपानियात, म्हणजे नेपल्स-अमाल्फीच्या प्रांतात, पिझ्झा मारिनारा मागा, त्यात चीजच नसतं, टोमॅटो-लसूण-ओरेगानो, आणि लिंबाचा 'देलित्सिया' केक. मासे खाणाऱ्यांना तर काय, मॉन्तेरोस्सोच्या अँचोव्ही प्रसिद्धच आहेत. एकूण जेवणाला माझं मत अमाल्फीच्या बाजूला, पण ते नेपल्सच्या पिझ्झ्यामुळे, तेव्हा धरायचं की नाही तुम्ही ठरवा.

खर्चाचं थोडक्यात. चिंक्वे तेर्रेत राहायला ला स्पेत्सिया किंवा लेवान्तो स्वस्त पडतं आणि ट्रेनमुळे फरक काहीच जाणवत नाही, मात्र गावागावांतलं साधं ट्रेनचं तिकीटही गर्दीच्या दिवसांत चांगलंच महाग असतं, दिवसभर उतरचढ करणार असाल तर ट्रेनचं कार्डच काढा. भाड्याची गाडी दोन्हीकडे घेऊ नका, चिंक्वे तेर्रेत गावाच्या आत नेताच येत नाही आणि अमाल्फीला सीझनमध्ये सम-विषम नंबरप्लेटचा नियम असतो, वर पार्किंगला मोजावे लागतात ते वेगळे.

तर, मिलान-फ्लोरेन्स-पिसा अशी उत्तरेकडची ट्रिप, हातात दोन रात्री, चालायची आवड, असं असेल तर चिंक्वे तेर्रे, डोळे झाकून. रोमवरून खाली उतरणार असाल, तीन-चार रात्री असतील, अमाल्फीच्या वर डोंगरावर असलेल्या रावेल्लो गावातल्या बागेत बसून दुपार घालवायला आवडणार असेल तर अमाल्फी. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही करायचा घाट घालू नका, एक अख्खा दिवस ट्रेनमध्ये जातो.

आणि ही सगळी गर्दी वाचूनच दमला असाल तर प्रोचिदा बघा, नेपल्सहून बोटीनं जाता येणारं छोटं बेट, २०२२ मध्ये इटलीची सांस्कृतिक राजधानी होतं, कोरिचेल्ला बंदरावरची पिवळी-गुलाबी घरं पोझितानोइतकीच गोड दिसतात. फक्त शेवटची बोट किती वाजता आहे ते जातानाच बघून ठेवा.