फायनल फँटसी १० की १३?

मित्र फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेतल्या १३च्या पाचव्या चॅप्टरमध्ये वैतागला आहे: "लढतोय तासन्‌तास, पण माणूस वाढतच नाही. सोडून १० घेऊ का?" दोन्ही गेम सरळ रेषेतले, अर्धाअधिक रस्ता ठरलेलाच. फरक आहे तो वाढीत, म्हणजे पात्रांची ताकद कशी वाढते त्यात.

१३मध्ये (२००९) पहिले दोन चॅप्टर वाढ शून्य. तिसऱ्यात क्रिस्टेरियम उघडतं, म्हणजे लढून मिळवलेले पॉइंट खर्चून ताकद वाढवायचा स्फटिकांचा नकाशा. बटण दाबून धरायचं, प्रकाश एका स्फटिकाकडून पुढच्याकडे सरकतो, आणि मग भिंत. कथा पुढे गेल्याशिवाय पुढचा टप्पा उघडत नाही, पॉइंट कितीही साठवा. म्हणजे ग्राइंडिंग, ताकदीसाठी पुन्हा पुन्हा लढत बसणं, इथे चक्क वाया. जगही मोकळं होतं ते अकराव्या चॅप्टरला! एकूण चॅप्टर तेरा, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

१०मध्ये (२००१) स्फिअर ग्रिडला, म्हणजे ताकद वाढवायच्या घरांच्या पटाला, असा चॅप्टरचा लगाम नाही. लढलात की लगेच एखाददुसरं घर पुढे. पण लढाईत ज्याने एकही चाल केली नाही त्याला पॉइंट नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी सगळ्यांना आलटूनपालटून आत आणायची कटकट. मला तर लवकरच कंटाळा येतो. १३मध्ये बाकावर बसलेलेही वाढतात, ही सोय खरंच मोठी.

लढाईची मजा मात्र १३ची वरचढ, पात्रांच्या भूमिका (हल्ला, बचाव, उपचार) झटपट बदलत खेळताना हात थांबत नाही.

घाम गाळला की फळ हवं, आपल्या पाळीला थांबून विचार करायला वेळ हवा, तर १०. कथेबरोबर वाहत जायची तयारी असेल तर १३च, फक्त ग्राइंडिंग बंद कर आणि पुढे पळ.